दुसऱ्या दिवसाचा रकाना

फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या बाटल्या धूत होतो. जपानात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. इथे बाटली नुसती उचलून टाकता येत नाही. झाकण वेगळं, वरचं वेष्टण वेगळं, बाटली धुऊन, चेपून वेगळी, आणि तीही नेमून दिलेल्या वारीच. फोन भाचीचा होता. अनू योकोहामातच जन्मली आणि वाढली. माझ्याशी ती अर्धं जपानीत, अर्धं इंग्रजीत बोलते, मराठी फक्त माझी चेष्टा करण्यापुरतं. त्या सकाळी ती म्हणाली, "मामा, बाबा गेले." स्वच्छ मराठीत. मी "बरं" म्हणालो. "निघतो" म्हणालो. आणि फोन ठेवून उरलेल्या सगळ्या बाटल्यांची वेष्टणं काढली, झाकणं काढली, बाटल्या धुतल्या, चेपल्या, पिशवीत भरून खाली नेल्या. खाली गेल्यावर कळलं, वार कागदाचा होता. पिशवी घेऊन परत वर आलो... याला आता सात आठवडे झाले. तेव्हापासून दाढ काढल्यावर गालाचं होतं तसं माझं झालं आहे. गाल आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो.

मधुकरराव म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, माझे भावोजी. मुंबईच्या एका व्यापारी कंपनीने त्यांना तीन वर्षांसाठी योकोहामाला पाठवलं आणि ते निवृत्त होईपर्यंत, आणि नंतरही, इथेच राहिले. मी सॉफ्टवेअरच्या कंत्राटावर टोकियोतल्या तोयोसुला आलो तो त्यांच्याच भरवशावर. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. एक काळं, एक निळं. त्यांच्या हातून कुठलीही गोष्ट यादी झाल्याशिवाय सुटत नसे. सहलीला जाताना कोण कुठे बसणार याची यादी, परत येताना कोण कुठे झोपलं याची यादी. ताई म्हणायची, "लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे अक्षता मोजत होते." यात अतिशयोक्ती असेल, पण फार नसावी.

या यादीप्रेमाचं शिखर म्हणजे एक वही. लांबट, निळ्या कापडी बांधणीची, जपानी दुकानातून आणलेली. तिच्यात भावोजी जगभरातल्या पडलेल्या अध्यक्षांची नोंद ठेवत. खुर्चीवर असताना पुन्हा निवडणुकीला उभा राहिला आणि हरला, तरच नाव वहीत. मुदत संपून गेलेले नाहीत, बंडात गेलेले नाहीत आणि पंतप्रधान तर मुळीच नाहीत. मी एकदा इथल्या पंतप्रधानांचं सुचवून पाहिलं तर म्हणाले, "नंदू, इथले पंतप्रधान मोसमाप्रमाणे बदलतात. वही पुरायची नाही." प्रत्येक नोंदीला चार रकाने. देश, किती वर्षं होता, का पडला, आणि शेवटचा रकाना 'दुसरा दिवस'. हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्या माणसाने काय केलं? भावोजींचा सगळा जीव त्या चौथ्या रकान्यात. कुणी मतमोजणी पुरी होण्याआधीच जिंकणाऱ्याला फोन करून अभिनंदन केलेलं, कुणी पहाटेच सरकारी बंगला सोडलेला, कुणी आधी हार मानून आठवडाभराने "नाही मानत" म्हटलेलं, कुणी गावी जाऊन सुतारकामाची हत्यारं काढलेली. कुठे कुणी पडलं की माझा फोन वाजे, "नंदू, पडला रे!"

"कोण भावोजी?"

"अरे, तो आफ्रिकेतला. परवापर्यंत हत्तीवरून साखर वाटत होता."

"का पडला?"

"ते कळेल रे. आधी बघू, आज काय करतो."

मला निम्मे देश नकाशात सापडत नसत. मी "अरेरे" म्हणायचो आणि ऑफिसातले सहकारी 'घरी काही झालं का' अशा नजरेने बघायचे.

भावोजी स्वतःही अध्यक्ष होते. आमच्या मराठी मंडळाचे. सात वर्षं ते एकमताने निवडून आले. एकमत म्हणजे, "कोणी इच्छुक आहे का?" असं ते विचारत आणि सगळे आपापल्या चहाच्या कपात बघत. मंडळाचं मखर, समया, ढोलकी, सतरंज्या, सगळं त्यांच्या योकोहामाच्या घरातल्या भिंतीतल्या कपाटात. मग तो मोठा भूकंप झाला. त्या दिवसांचं सगळं सांगत नाही, ज्यांनी पाहिलं त्यांना ठाऊक आहे. भावोजींचा घरचा फोन म्हणजे मदतकेंद्र झालं. साताऱ्याहून, डोंबिवलीहून कुणाची आई, कुणाचे सासरे... "आमचा संदीप फोन उचलत नाहीये हो." भावोजी यादी काढून सांगत, "आजी, संदीपला मी सकाळी भेटलोय. वरणभात खात होता." त्सुकुबाला एक बाळंतीण होती, तिला पाण्याच्या बाटल्या पोचवायला ते कुणाची तरी गाडी मागून गेले. आणि मी? मी चौथ्या दिवशी बायकामुलांना घेऊन विमानतळावरच्या रांगेत होतो. भावोजींनी अडवलं नाही. "जा तू. पोरं लहान आहेत. पोचलास की कळव, यादीत खूण करायची आहे." पाच आठवड्यांनी परत आलो तो दोन किलो कांदा-लसूण मसाला घेऊन. पळून गेलेल्या माणसाने येताना काहीतरी आणायला हवं ना. भावोजींनी डबा हातात घेतला आणि म्हणाले, "बरं झालं, संपतच आला होता." बस. एवढंच. एखादा टोमणा मारला असता तर परवडलं असतं. त्यांनी कधीच मारला नाही, मला नाही आणि माझ्यासारख्या इतर कुणालाही नाही. पण मंडळाच्या कार्यक्रमात ते समई लावायला वाकले की मला ती रांग आठवायची.

पुढच्या वर्षी "कोणी इच्छुक आहे का?" या प्रश्नावर तोयोसुच्याच आमच्या इमारतीतल्या केदारने हात वर केला. चांगला मुलगा, तिशीतला, भूकंपात तोही भारतात गेला आणि परत आला. कुणी चहाच्या कपात बघितलं नाही. मंडळात मतदान कसं घेतात हे कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा मतदान पुढच्या सभेत ठरलं आणि पद्धतही भावोजींनीच आखून दिली. प्रत्येकाला पूजेतली एक सुपारी आणि एक बदाम. सुपारी म्हणजे भावोजी, बदाम म्हणजे केदार. पडद्यामागे जाऊन एक तांब्यात टाकायचं, उरलेलं स्टीलच्या डब्यात. आणि घरून कुणी जास्तीची सुपारी आणू नये म्हणून आदल्या दिवशी त्यांनी आपल्या निळ्या पेनाने प्रत्येक सुपारीच्या बुडाला आणि प्रत्येक बदामाला एकेक ठिपका दिला. ताई म्हणाली, "अहो, बोगस मतदान करायला ही काय विधानसभा आहे?" ते म्हणाले, "हरलो तर हरल्याचा हिशोब नीट लागला पाहिजे."

त्या हिवाळ्यात वीज वाचवायची म्हणून आमच्या इमारतीजवळच्या सभागृहात हीटर बंद, आम्ही सगळे कोट घालून बसलेलो. मी पडद्यामागे गेलो. एका तळव्यात सुपारी, एका तळव्यात बदाम. खरं सांगतो, भावोजी पडावेत असं मला वाटत नव्हतं. ते येणारच होते निवडून. मला फक्त एकदा, कुणालाही न दिसता, त्या माणसाच्या विरुद्ध काहीतरी करायचं होतं ज्याने मला कधी टोमणा मारला नाही. जगातले निम्मे अध्यक्ष अशाच भेकड मतदारांमुळे पडत असावेत. मी बदाम तांब्यात टाकला. आणि मन इतकं भलतीकडे होतं की सुपारी डब्यात टाकायच्या ऐवजी कोटाच्या खिशात टाकून बाहेर आलो.

भावोजी एका मताने पडले... एका बदामाने.

डब्यातल्या सुपाऱ्या मोजल्या तर एक कमी. केदार म्हणाला, "काका, कुणी खाल्ली की काय?" भावोजी म्हणाले, "दुसऱ्याला मत देऊन वर माझी सुपारी खाणारा मतदार म्हणजे फारच झालं." सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी. मग भावोजींनी केदारला हार घातला, छान बोलले, कोट काढून पंगतीत जिलबी वाढली. मी जेवण झाल्या झाल्या चालत घरी पळालो. घरी येऊन खिशात हात घातला तर सुपारी नाही. होता तो भावोजींचा रेल्वेचा पास. सेलमध्ये आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकच करडा कोट घेतला होता. जेवायला बसताना मीही माझा त्यांच्या कोटाशेजारी काढून ठेवला होता, आणि घाईत त्यांचा उचलून आणला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला दारात भावोजी. हातावर माझा कोट, खाली रस्त्यावर कुणाची तरी मागून आणलेली गाडी, त्यात मखर आणि समया. "चल, खाली ये. केदारकडे चढवायचंय. ढोलकी जपून." मी कोट घेतला. त्यांच्या पाठीमागे खिसे चाचपले. रिकामे. वाटेत पडली असेल, असं मी स्वतःला सांगितलं, आणि पुढची दहा-बारा वर्षं सांगत राहिलो.

सांगून टाकायचं किती वेळा ठरवलं. दर दिवाळीला, दर गणपतीला. एकदा पोहे खाता खाता आडवळणाने विचारलं, "भावोजी, तुमच्या वहीतले हे सगळे वाईटच होते का हो?" ते खोबरं बाजूला सारत म्हणाले, "छे. काही फार बरे होते. पण काय होतं, वाईट दिवसांत जो समोर उभा असतो, त्याला बघितलं की लोकांना आपण तेव्हा कुठे होतो ते आठवतं. मग तो नकोसा होतो. त्यात त्याचा दोष नाही, लोकांचाही नाही." माझ्याकडे बघितलंही नाही. मी समजलो, कुठल्या तरी देशाचं चाललंय. शेवटचं भेटलो ते हॉस्पिटलात. अनू औषधं आणायला खाली गेली होती. मी म्हणालो, "भावोजी, एक सांगायचंय. फार वर्षांपूर्वीचं..." ते म्हणाले, "सांग की. पण आधी ते मिकान सोल." मिकान म्हणजे इथलं छोटं संत्रं. मी सोललं, शिरा काढत बसलो. त्यांनी दोन फोडी खाल्ल्या, "गोड आहे," म्हणाले आणि डोळे मिटले. मला वाटलं, उद्या सांगू.

ते गेल्यावर ताईकडे रोज जात होतो. वही चाळली. मला वाटलं होतं, त्यांनी कधीतरी स्वतःचीही नोंद केली असेल. नव्हती. मंडळ म्हणजे देश नव्हे, नियम म्हणजे नियम. त्याच आठवड्यात कुठेतरी एक अध्यक्ष पडला. बातमी वाचून मी फोन उचलून हातात धरून बसलो. वाजला नाही. तरीही रडू वगैरे आलं नाही... नुसता बसलो होतो.

पाचव्या दिवशी ताई म्हणाली, "नंद्या, आम्हाला सुतक, तुला नाही. देव तसेच पडलेत. आंघोळ घालून दे." मला सुतक नाही, हे खरंच. मी चिंच घेऊन बसलो. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, घंटा, शंख. गणपतीच्या जागी त्यांच्याकडे मूर्ती नव्हती, वर्षानुवर्षांच्या कुंकवाने काळवंडलेली एक सुपारी होती. ती ताम्हनात घेतली, पाणी घातलं, अंगठ्याने चोळली. कुंकू सुटलं, पाणी लाल झालं. उलटी केली तर बुडाशी निळा ठिपका.

माझ्या डोळ्यांपुढे एक स्टेशन आलं. गेटपाशी एक उंच माणूस, नुकताच निवडणूक हरलेला, पास काढायला करड्या कोटाच्या खिशात हात घालतो...

"ताई," मी म्हणालो, "ही सुपारी..."

"ती होय? त्या मंडळाच्या निवडणुकीच्या संध्याकाळी ह्यांनी आणली. पास हरवला म्हणून तिकीट काढून आले होते. कोट न काढता आधी हात धुतले आणि ही देवात ठेवली. मी म्हटलं, कुठली ही? तर म्हणाले, आपल्याच घरची आहे, राहू दे." ती बाहेर जायला वळली. "रोज स्वतः पूजा करायचे तिची. मला हात लावू द्यायचे नाहीत."

मी सुपारी पुसली, कोरडी केली. अक्षता वाहिल्या, बोटाने कुंकू लावलं. देव्हाऱ्यात उजव्या हाताला तिच्या बुडाएवढा एक गोल डाग पडला होता, तिथे ठेवली. नीट बसली.

"झाले का रे देव?" ताईने बाहेरून विचारलं. "ह्यांना मोजून लागायचे. एखादा ताम्हनात राहिला नाही ना?"

मी पुन्हा एकदा मोजले.

"नाही ताई," मी म्हणालो. "सगळे आहेत. एकही कमी नाही."