थरथर थांबल्यावरची पहिली दाढी

शहादा एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीतल्या साहेबांमुळे माझा उजवा हात आज शांत आहे. गाडी कधी येईल असं विचारलं, की ते घड्याळाकडे न बघता अहिराणीत म्हणतात, "ई जाई, ई जाई." 'येईल' हे असं दोनदाच, तिसऱ्यांदा कधी नाही.

मी लातूरकडचा, सातवीत शाळा सोडलेला, या स्टँडसमोर खुर्ची टाकून बसणारा न्हावी. हात इतका थरथरायचा, की गिऱ्हाईक तुटलं. साहेबांनीच उपचाराच्या मदतीचे अर्ज भरले, मला मुंबईला नेलं. तिथे डॉक्टरांनी मशीनमध्ये मेंदूचं चित्र बघत, कवटी न उघडता, ध्वनिलहरींनी शस्त्रक्रिया केली. मी जागाच होतो. हात बघायला मधूनमधून कागदावर जिलबीसारखं वेटोळं काढायला लावायचे. शेवटची जिलबी सुबक उतरली, तेव्हा मला रडू आलं.

पण परतल्यावर माझ्या खुर्चीत कोणी बसेना. मग साहेब आले, कॉलर आत दुमडून मान वर केली. वस्तरा घेऊन मी नुसताच उभा.

"मान मन्ही शे, तू काब्र घाबरी ऱ्हायना?"

मी वस्तरा फिरवला. ओरखडाही उठला नाही. साहेब स्टँडभर गाल दाखवत फिरले, "देख, आमना न्हावी!"

त्यांच्या मुलाच्या लग्नात नवरदेवाची दाढी मीच करीन, हा माझा शब्द.