दहा टोचण्या

माझ्या उजव्या टाचेत बाभळीचा काटा मोडला आहे, अशी माझी खात्री होती. जाड कातडीत काळं टोक स्पष्ट दिसत होतं. मी बुलढाण्याजवळच्या धाड गावात शाळामास्तर होतो, रोजची वाट शेतातली, त्यामुळे काटे नवे नव्हते. एका रविवारी सुईनं टोक उकरलं. रक्त आलं, काटा आला नाही. त्याच बैठकीत, त्याच सुईनं मुलीच्याही पायातला काटा काढून दिला. तिचा मात्र निघाला. ती तेव्हा नऊ वर्षांची.

पुढचे काही रविवार मी उकरतच राहिलो. वरून बिब्ब्याचा चटका दिला. दोन महिन्यांत एकाची चार टोकं झाली, मग सात. एका टाचेत सात काटे मोडतील कसे? चालताना जीव जाई, पण चटक्याच्या जागी बोट लावलं तर काही कळत नसे.

बधिर चट्टा म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको होतं. ओढ्यापलीकडे खोपटात एक महारोगी राहत असे. त्याची बायको दगडावर भाकरी ठेवून मागं सरकायची. ते मी रोज शाळेत जाताना पाहत होतो.

मी भिंतीकडे तोंड केलं आणि बायकोला टाचेत दहा वेळा सुई टोचायला सांगितलं. टोचणी कळली की मी ‘लागलं’ म्हणायचं, असं ठरवलं.

“सातदाच म्हनलं तुम्ही,” ती म्हणाली. “मंग बाकीच्या तीन का शेजाऱ्याले टोचल्या मी?” ती हसायला गेली आणि तिनं सुई खाली ठेवली.

त्या दिवसापासून माझं अंथरूण ओसरीत, तांब्या वेगळा. मुलीला माझ्यापासून दोन हात लांब बसायला शिकवलं. आठवड्याभरात तिच्या तळपायावर तसाच एक काळा ठिपका दिसला.

मी तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. सुई मीच घेतली. “रडायचं नाही. लागलं की सांग,” एवढंच म्हणालो. दहापैकी ती चारदा बोलली.

“बाबा, मी रडले नाही न?” तिनं विचारलं. मी मनात आकडे मांडत होतो. माझे सात, तिचे चार. तिचा रोग माझ्यापेक्षा पुढं गेला होता, आणि तो मी दिला होता.

“आता लपवून काय करता? चला बुलढान्याले,” बायको म्हणाली.

बैलांच्या दमणीत मी मैलांचे दगड मोजत बसलो. एकही वगळला नाही. मोजणं थांबलं की खोपट डोळ्यांपुढं येई.

वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताबरोबर चाले, त्यामुळे सरकारी दवाखान्यात जबलपूरकडचे डॉक्टर बदलून आले होते. महारोगात जाड होणारी शीर शोधत त्यांनी माझं कोपर चाचपलं, टाचेची कातडी पात्यानं खरवडली. रक्ताचे बारीक ठिपके आले.

“मास्टरसाब, न काँटा है, न कोढ़. मस्सा है.”

म्हणजे काटा नाही, महारोगही नाही; चामखीळ. बधिरपणा बिब्ब्यानं भाजल्याचा होता.

“आणि हिचं?” मी विचारलं.

त्यांनी मुलीला भिंतीकडे बघायला लावून तळपायाला सुई लावली. ती गप्प.  डॉक्टर मात्र तिच्या बोटांकडे पाहत होते. प्रत्येक टोचणीला ती आकसत होती.

“बेटी, लगा ना? फिर बोली क्यों नहीं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “बाबा म्हनले होते, रडायचं नाही. घरी चारदा तोंडातून निघून गेलं.”

दाखवायला म्हणून मी घरची सुई कागदात गुंडाळून आणली होती. ती पाहून, या सुईनं आणखी कोणाचा काटा काढला, असं डॉक्टरांनी विचारलं. मी मुलीकडे बोट केलं. तिचीही चामखीळच, माझ्याकडून या सुईनं गेलेली, असं सांगून त्यांनी सुई टाकून द्यायला लावली. रोज पाय भिजवून वजरीनं घासायचा आणि औषध लावायचं. दोघांची वजरी वेगळी.

परतताना मुलगी दमणीच्या मागच्या फळीशी बसली, बरोबर दोन हात लांब.

“इकडे ये,” मी म्हणालो.

“आता चालते का, बाबा?”

“चालते.”

ती सरकून आली आणि तिनं पाय माझ्या मांडीवर ठेवला.  मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

“लागलं,” ती लगेच म्हणाली.