सोनपापडीच्या डब्यातलं इन्सुलिन

"टाइप वन डायबेटिस," डॉक्टर म्हणाले आणि फाईलवर काहीतरी खरडत राहिले. मी म्हटलं, "अहो डॉक्टर, ती नऊ वर्षांची आहे." ते म्हणाले, "हो, मुलांनाच जास्त होतो." एवढंच. पुढचा पेशंट दार ढकलून उभाच होता.

त्या माणसाचा मला आजही राग येतो. निदान बरोबर होतं, म्हणून काय झालं? दोन मिनिटं खुर्ची माझ्याकडे वळवली असती तर काय बिघडलं असतं त्यांचं?

तुमच्यापैकी कोणी नुकतंच हे नाव ऐकून घरी आलं असेल, तर त्यांनी सांगायला हवं होतं ते मी सांगते. आपल्या पोटात स्वादुपिंड असतं, ते इन्सुलिन तयार करतं. इन्सुलिन असेल तरच अन्नातली साखर अंगाला लागते. टाइप वनमध्ये ते तयार होणंच बंद पडतं, म्हणून बाहेरून सुईनं द्यावं लागतं, रोज, जेवणाआधी, जन्मभर. गोड खाल्ल्यानं हा आजार होत नाही. आईनं डोहाळ्यात काय खाल्लं त्यानंही होत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण माझे डोहाळे आमच्या अख्ख्या भावकीनं चघळून टाकलेत.

ऋतुजा आमची एकुलती एक. त्याआधी महिनाभर ती नुसती पाणी पीत होती. शाळेची बाटली रिकामी, घरची बाटली रिकामी, तरी घसा कोरडा. रात्री चार-चारदा लघवीला उठायची. गालाची हाडं वर आली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं आणि म्हणाले, अशक्तपणा आहे, ग्लुकोजचं पाणी पाजा. मी पाजलं. शेजारच्या काकूंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. आठ दिवसांनी पोरगी वर्गातच झोपली ती उठेना, तेव्हा कुठे कोणीतरी बोटातून रक्त काढलं.

आमचं घर शहराबाहेर, मखमलाबादच्या पुढे. गुलाब आणि शेवंती हा आमचा धंदा. सासूबाई, ऋतुजाचे पप्पा, ती आणि मी. दवाखान्यातून घरी आलो आणि उंबऱ्यातच सासूबाईंनी फर्मान काढलं, "ह्यातलं एक अक्षर बाहेर जाता कामा नाय. पोरीची जात हाय. उद्या कोण करील तिला?"

नऊ वर्षांची पोर, जिवावरच्या दुखण्यातून उठलेली, आणि हिला लग्न सुचतंय! मी ऋतुजाच्या पप्पांकडे बघितलं. ते चपला काढत होते. माणसाला चपला काढायला किती वेळ लागावा?

मग लपवालपवी सुरू झाली. इन्सुलिनची पेनं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. पेन म्हणजे लिहायचं नव्हे, आत औषध भरलेलं आणि पुढे बारीक सुई लावायचं. आमच्याकडे फुलं न्यायला व्यापारी येतात, बायका हार ओवायला येतात, कोणीही पाण्यासाठी फ्रिज उघडतं. सासूबाईंनी औषधाची खोकी चुलीत घातली आणि पेनं सोनपापडीच्या रिकाम्या डब्यात ठेवली. डायबेटिसचं औषध सोनपापडीत! मला हसावं का रडावं कळेना. सुई टोचायला ऋतुजाला आतल्या खोलीत न्यायचं, दार लावायचं. कोणी विचारलं तर ती अभ्यास करतेय.

पोरगी हळूहळू बोलेनाशी झाली. एकदा मला म्हणाली, "मम्मी, मी काय चोरी केलीय का?" मला त्या घरातली भांडी फोडावीशी वाटत होती.

दवाखान्यातल्या एका सिस्टरनं मला सांगितलं होतं की अशा मुलांचे आईबाप महिन्यातून एकदा एकत्र बसतात. मी माहेरी जाते सांगून गेले. मेळाव्याला मी जी गेले ती चिडूनच आले. एक बाई पुढे उभी राहून म्हणत होती, आमचा गोडुला डायबेटिस आमचा मित्र आहे. मित्र? डोकं फिरलं माझं. एक गृहस्थ कारल्याचा रस सांगत होते, तर दुसरे त्यांच्याशी भांडत होते. मी उठले.

जिन्यात एका बाईंनी गाठलं. मनमाडच्या, शाळेत गणित शिकवतात, मुलगा आता कॉलेजला. "मागची बडबड सोडा," म्हणाल्या. "घराबाहेर इन्सुलिनबद्दल कोणाकोणाला माहितीये?" मी म्हटलं, कोणालाच नाही, घरचं तसं सांगणं आहे. त्यांनी कपाळाला हात लावला. "लपवलेलं औषध घात करतं, बाई. माझा नंबर घ्या. वेळ आली की लाजू नका." ओळख ना पाळख, आणि मला शिकवतेय! बसमध्ये बसल्यावर मी तो नंबर 'मनमाड कटकट' नावानं सेव्ह केला. पुसणार होते. पुसायचा राहिला.

नवरात्र आलं. फुलवाल्याच्या घरात नवरात्र म्हणजे काय ते फुलवाल्यालाच विचारा. आठव्या माळेला दसऱ्याच्या ऑर्डरी सुरू झाल्या. ओवलेले हार, वेण्या, गुलाबाच्या कळ्या, सगळं ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये कोंबायचं, म्हणजे बाजारात टवटवीत पोचतं. आमच्या फ्रिजमध्ये त्या दिवसांत दूध ठेवायला जागा नसते.

दुसऱ्या दिवशी ऋतुजाचं चालू पेन संपलं. मी डब्यातून नवीन काढलं. दुपारपासून तिची शुगर चढायला लागली. आम्ही डोस दिला, चढली. परत दिला, आणखी चढली. सगळ्यांनी खापर कालिका देवीच्या यात्रेत तिनं खाल्लेल्या पाणीपुरीवर फोडलं. सासूबाई म्हणाल्या, तू नेलीस, तूच निस्तर.

दसऱ्याच्या सकाळी ऋतुजाला उलट्या सुरू झाल्या. पोट धरून कळवळत होती. श्वास खोल आणि भराभर, आणि तोंडाला सडक्या फळासारखा वास. शुगर मोजायच्या मीटरवर आकडाच येईना, नुसतं 'हाय', म्हणजे मशीनला मोजता येतं त्याच्याही वर. ऋतुजाचे पप्पा फूलबाजारात, फोन उचलेनात. डॉक्टरांचा दवाखाना बंद. मदतीचा म्हणून एक नंबर दवाखान्याच्या फाईलवर छापला होता, तिथे बाई टेपवर सांगत होती की आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी फोनलाच शिव्या दिल्या.

मग मनमाडला लावला. दुसऱ्या रिंगला उचलला. मी रडायला लागले.

"रडणं नंतर," त्या म्हणाल्या. "मीटर काय दाखवतंय? नवीन पेन कधी काढलं?"

मी सांगितलं.

"फ्रिजमध्ये कुठे होतं?"

"दारात. डब्यात."

माझ्या मागून आवाज आला. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "दारात वेण्या होत्या," त्या म्हणाल्या. "आठव्या माळेला रात्री तो डबा मीच वर बर्फात ठेवला व्हता. गार लागतं म्हनूनच ठेवला ना. फुलं गेल्यावर परत खाली ठेवला."

फोनवरच्या बाईंनी ते ऐकलं. "गोठलेलं इन्सुलिन म्हणजे नुसतं पाणी," त्या म्हणाल्या. "खोक्यावर छापलेलं असतं, गोठवू नका म्हणून. ते पेन वापरू नका. आता ऐका. क्लिनिकबिनिक नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. पहिलं वाक्य हेच बोला: टाइप वन आहे, उलट्या आहेत, मीटर हाय दाखवतंय. पोटात दुखतंय हे आधी बोललात तर बाकावर बसवून ठेवतील. निघा."

खोक्यावर छापलेलं असतं. आणि खोकी चुलीत.

चुलत दिरानं फुलांच्या टेम्पोतून नेलं. रस्त्यात प्रत्येक ट्रॅक्टरला, रिक्षाला हार, सगळं शहर नटलेलं, आणि माझ्या मांडीवर पोरगी डोळे फिरवतेय. कॅज्युअल्टीच्या खिडकीवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "काय होतंय? पोटात दुखतंय का?" मी ते पाठ केलेलं वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं. एवढ्या जोरानं, की आतून डॉक्टर बाहेर आल्या.

"डीकेए," त्या म्हणाल्या. डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस. इन्सुलिन नसलं की शरीर साखर सोडून चरबी जाळायला लागतं, आणि रक्तात आम्ल साठतं. डॉक्टर तरुण होत्या, पण माझ्याकडे बघून बोलल्या. "आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. अजूनही मी खात्री देत नाही. आम्ही प्रयत्न करतोय."

आयसीयूबाहेर एक अनोळखी माणूस आला. सिडकोत राहतो म्हणाला, त्याच्या मुलालाही टाइप वन. "मनमाडच्या मॅडमनी पाठवलंय." कपाळावर पूजेचं कुंकू तसंच होतं. त्यानं बर्फाच्या पिशवीपासून वेगळं गुंडाळलेलं एक नवं पेन माझ्या हातात दिलं, घरी गेल्यावर लागेल म्हणून. मग बाकावर बसला. गोडुला नाही, मित्र नाही. ऋतुजाचे पप्पा येईपर्यंत बसला होता.

पप्पा आल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले, सगळ्या कॉरिडॉरसमोर. "तुमच्या आईनं लपवलं आणि तुम्ही चपला काढत बसलात!" ते भिंतीकडे तोंड करून रडले. मला जराही दया आली नाही.

तिसऱ्या दिवशी ऋतुजानं डोळे नीट उघडले आणि भूक लागली म्हणाली.

घरी आल्यावर मी सोनपापडीचा डबा अंगणात फेकला. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात पेनं ठेवली, खोक्यासकट, आणि दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ऋतुजाचं इन्सुलिन, हात लावू नका, गोठवू नका. व्यापारी वाचतात, हार ओवणाऱ्या बायका वाचतात. वाचू देत. सासूबाईंशी मी बरेच महिने कामापुरतंच बोलत होते. त्यांना मी माफ केलं का, असं मला लोक विचारतात. नाही केलं. माफ केलंच पाहिजे असं कुठल्या डॉक्टरनं लिहून दिलंय?

ज्यांच्या घरी आज हे चालू आहे त्यांना एवढंच सांगते: एक माणूस शोधा, ज्याच्या घरात हेच घडून गेलंय आणि जो फोन उचलतो. तो गोड बोललाच पाहिजे असं नाही. त्या बाईंचं नाव माझ्या फोनमध्ये अजून 'मनमाड कटकट' आहे. त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे, शोधायला सोपं."

यंदाच्या दसऱ्याला फ्रिजमध्ये एकही वेणी नव्हती. फुलं ओसरीत ओल्या पोत्याखाली होती, आणि ती सासूबाईंनी स्वतः तिथं ठेवली होती. संध्याकाळी सोनं द्यायला भावकी आली. ओसरी भरलेली. पुरणपोळीची ताटं वाढली, तशी ऋतुजा आपलं पेन घेऊन सगळ्यांच्या मधोमध बसली आणि तिनं फ्रॉक वर करून पोटाला सुई लावली.

चुलत सासूबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अगं बाई! पोरी, आत जाऊन घे ना. बघवत नाय."

मी तोंड उघडणार, तोच आमच्या सासूबाईंनी वाढता हात थांबवला.

"तुला बघवत नसंल तर तू आत जा," त्या म्हणाल्या. "ती हितंच घेईल."

आणि नातीच्या ताटात पोळी वाढली.