वायरवाली कॅसेट

शहापूरच्या बाजारात पंढरीचं टेप दुरुस्तीचं दुकान अजून आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नाही. पोट भरतं मोबाईलच्या चार्जरवर, जीव मात्र गाड्यांतल्या जुन्या टेपांत अडकलेला. सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही पठ्ठ्याने दुकान बंद ठेवलं नव्हतं. दुरुस्तीची तऱ्हाही न्यारी. गाडीतला टेप तो टेबलावर घेतच नाही. स्वतः गाडीत बसतो आणि मालकाला म्हणतो, "चालव." गाडीचं दुखणं रस्त्यावरच कळतं, हा त्याचा हट्ट. असल्या हट्टी माणसावर माया जडल्यावाचून राहत नाही.

त्या दिवशी डोळखांबचा भगीरथ आपली जुनी जीप घेऊन आला. मागच्या सीटवर त्याची आई, सकुबाई. चाळीस वर्षं आसपासच्या गावांतली लग्नं हिने गायलेल्या धवल्यांनी, लग्नातल्या गाण्यांनी लागली. दिवाळीत घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज गेला. उरली नुसती घरघर. उद्या तिच्या नातीचं, हर्षालीचं लग्न. पोर या जीपमधून सासरी निघेल तेव्हा आजीचाच धवला वाजला पाहिजे, म्हणून भगीरथने गेल्या वर्षीच्या एका लग्नातलं रेकॉर्डिंग मोबाईलवर मिळवलं होतं. ते टेपवर वाजवायला, मोबाईलला जोडायची वायरवाली कॅसेट आणली. पण दोन ओळी झाल्या की टेप ती कॅसेट बाहेर फेकायचा.

"नवाच टेप बसवू का, दादा?"

"याला काय धाड भरलीय? मीच बसवलाय तो!" पंढरी फणकारला. "चालव."

आधी त्याने स्पिरिटने टेपचं हेड पुसलं, मग वायर बदलून पाहिली. कॅसेट आपली बाहेर. मग खड्ड्यांतून जीप चालली असताना तो वाकला आणि टेपाशी कान नेऊन बसला. आत कटकट व्हायची, ती थांबली की लगेच कॅसेट बाहेर.

"कॅसेटमधलं दातेरी चाक अडकतंय रे. चाक थांबलं का टेपला वाटतं, कॅसेट संपली."

जीप कडेला घेऊन त्याने कॅसेट मांडीवर उघडली, मधलं झिजलेलं चाक काढून खिशात टाकलं आणि स्क्रू पिळले. बाकीची चाकं आता मोकळी फिरू लागली.

पहिल्यांदाच धवला तिसऱ्या ओळीवर गेला. सकुबाईचा भरदार आवाज जीपभर झाला, भगीरथचे डोळे चमकले. आणि नवरीचं नाव आलं, रोशनी.

भगीरथने करकचून ब्रेक दाबला. "आयला! नाव त दुसरीचा हाय!"

दोन ओळींपुढे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. नवरीच्या नावावाचून धवला कसला? बिचाऱ्याचा चेहरा पार पडला. "आता काय करायचा, आये?"

सकुबाई पुढे सरकली. पुन्हा लाव, अशी तिने खूण केली, आणि पंढरीचा हात धरून टेपच्या आवाजाच्या बटनावर ठेवला. धवला सुरू झाला. नाव जवळ आलं तसा तिने पंढरीचा खांदा दाबला. त्याने बटन पुरतं खाली फिरवलं. त्या शांततेत मागून फाटक्या, घरघरत्या आवाजात नाव आलं.

"हर्षाली."

खांदा पुन्हा दाबला गेला. पंढरीने बटन वर नेलं आणि गेल्या वर्षीच्या सकुबाईने धवला पुढे उचलला.

पंढरी उगाच वायर चाचपत राहिला.

"मी त गाडी चालवणार," भगीरथ हळूच म्हणाला. "उद्या बटन कोण फिरवील?"

"नवरी किती वाजता निघणार?" पंढरीने विचारलं. "दुकान बंद करून येतो."