गाडीत फक्त घरची माणसं

आमच्या गाडीचा विमा मी उतरवला. घरात आजही कुणी 'दादानं विमा उतरवला' असं बोलून गेलं, तर मी जेवता जेवता हात थांबवते आणि ते दुरुस्त करून घेते. गाडी दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. पैसे आबांचे, म्हणजे वडिलांचे. पण शाहूपुरी-लक्ष्मीपुरीतल्या विमा कचेऱ्यांचे लाकडी जिने चढले कोण? मी. विमा एजंटांशी हुज्जत घातली कोणी? मीच. श्रेय ज्याचं त्याला द्यावं, विशेषतः ते माझं असेल तेव्हा.

दादा दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या गाड्या चालवायचा. तिथंच त्याचा डावा गुडघा मोडला, आणि परत आला तेव्हा तो पाय सरळ काठीसारखा झाला होता. कसबा बावड्यात आमचा ऊस, आमचंच गुऱ्हाळ. औतामागं चालायचं, पाटाचं पाणी फिरवायचं, सरीत वाकून काम करायचं, हे सगळं त्याला बंद झालं. वर्षभर तो दारच्या सोप्यात बसून होता. येणारा-जाणारा टेकायचा आणि 'आता कसं रं तुझं' म्हणून हळहळायचा. त्या हळहळण्याचा मला असा संताप यायचा की मी आतून मुद्दाम भांडी आपटायची.

मग लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव निघाला आणि दादानं साठवलेल्या पगारातून एक गाडी घेतली. डिस्पोजलची गाडी म्हणायचे तेव्हा. पुढं तिघं दाटीवाटीनं बसतील एवढी केबिन, मागं उघडा हौदा, चाकं माझ्या कमरेला लागतील एवढी. हँडल मारून सुरू करायची. क्लच दाबायला दादा गुडघा वाकवायचाच नाही, कमरेतनं सगळा पाय पुढं रेटायचा. एकदा तो गाडीत बसला की त्याचा पाय अधू आहे हे कुणाच्या ध्यानात येत नसे. त्याच्याही येत नसावं.

गाडी आली आणि भावकीला पाय फुटले. कुणाची लेक बाळंतपणाला आणायची, कुणाचा गहू दळायला न्यायचा, तालमीतल्या पैलवानांना जत्रेतल्या कुस्त्यांना जायचं, सगळं दादाच्या हौद्यातनं. भाड्याचं नाव कुणी काढलं तर दादा गाडी थांबवून त्याला खाली उतरवायचा. आमच्याकडं गाडी असणाऱ्यानं गाडीला नाही म्हणणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं होतं.

संस्थान विलीन झालं आणि मोटारींचे नियम कडक झाले. एके दिवशी नाक्यावर पोलिसानं दादाला अडवलं आणि विम्याचा कागद मागितला.

"कसला इमा? मी जिता हाय की अजून!" दादा म्हणाला.

"तुमचा न्हवं पावणं, गाडीचा. गाडीखाली कोण घावलं तर भरपाई कोण देणार? कागद न्हाय तर गाडी रस्त्यावर काडायची न्हाय."

आबा चौकशी करून आले आणि पाणी न पिताच बोलू लागले. एजंटानं सांगितलेल्या वर्षाच्या हप्त्यात एक दुभती म्हैस आली असती. जयसिंगपूरचा एक व्यापारी गाडी कधीपासून मागत होता. आबा म्हणाले, "दसऱ्यापत्तूर बगा. परवडणारा इमा मिळाला तर ठीक, न्हायतर त्या व्यापाऱ्याला दिऊन टाकू. हत्ती दारात बांधून काय करायचाय?"

दादा उठला आणि सोप्यात, त्याच जुन्या जागी जाऊन बसला. मला ते बघवलं नाही.

"मी जातो शाहूपुरीत," मी म्हणाले. आमच्याकडच्या बायका 'जाते' म्हणत नाहीत, 'जातो' म्हणतात, आणि त्या दिवशी ते मला अगदी शोभलं. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. इंग्रजी वाचता येत होतं, आणि जे वाचता येत नव्हतं तेही येतं असं दाखवता येत होतं.

पहिला एजंट माझ्याकडं बघेचना. बरोबर आलेल्या आबांशीच बोलत राहिला. गाडीला हौदा आहे म्हणजे ती माल वाहणारी लॉरी, आणि लॉरीला लॉरीचा दर. मी म्हटलं, "आमच्या घरात पाटी आहे म्हणून काय आम्ही हमाल झालो?" आबांनी माझा दंड धरला आणि आम्ही जिना उतरलो. दुसऱ्यानं लष्करातली जुनी गाडी म्हटल्यावर हातच जोडले. तिसऱ्याचं ऑफिस गुळाच्या वखारीवरच्या माडीवर होतं. म्हातारा गृहस्थ, काळी टोपी, टेबलावर तपकिरीची डबी. त्यानं मला खुर्ची दिली, म्हणून मी त्याला सरळ सगळं सांगितलं.

"गाडी स्वतःची आहे ना? मग तशी वापरा," तो म्हणाला. "तुमचा माल आणि तुमची घरची माणसं, एवढंच. भाडं नाही, उतारू नाही. असं असेल तर खासगी गाडीचा दर लावता येतो, आणि तो तुम्हाला झेपेल. फक्त आमचे साहेब पुण्याहून येऊन एकदा गाडी बघतील."

मी घरी आले ती जिंकल्यासारखीच. दादानं गाडी धुतली, चाकांना तेल लावलं. साहेब यायच्या दिवशी अख्खी भावकी आमच्या अंगणात हजर होती. कुणी बोलावलं नव्हतं. दादाची गाडी वाचवायची म्हणून सगळे आपणहून आले होते.

म्हाताऱ्या एजंटाबरोबर आलेल्या साहेबांना शेंगा आणि घरचा गूळ दिला. त्यांनी गाडीला चक्कर मारली आणि सहज विचारलं, "कोण कोण बसतं या गाडीत?"

मी तोंड उघडायच्या आत तालमीचे वस्ताद पुढं झाले. दादाला लहानपणी त्यांनीच लाल मातीत लोळवलेला. छाती पुढं काढून म्हणाले, "सायेब, सगळ्या गावाची गाडी हाय ही! माझी पंधरा पोरं ह्याच गाडीतनं कुस्तीला गेलती."

"माझी सून ह्यातनंच आणली बाळंतपणाला," एक चुलती म्हणाली.

"आवो, परवा वरात निघाली की हिच्यातनं!"

प्रत्येकानं आपापली साक्ष दिली. दादाचं मन किती मोठं, हे साहेबाला कळावं, एवढीच त्यांची धडपड. मी खुणा करत होते, डोळे वटारत होते. एका काकूंनी मला डोळ्यांत काही गेलंय का विचारलं. साहेबांनी शांतपणे गूळ खाल्ला, टोपी घातली आणि जाताना म्हाताऱ्या एजंटाला म्हणाले, "ही तर सार्वजनिक गाडी आहे हो." झालं. पुन्हा लॉरीचा दर.

वस्तादांना जेव्हा उमगलं, तेव्हा ते आमच्या उंबऱ्यावर डोकं धरून बसले. मी त्यांना बोल बोल बोलले. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गुळाच्या माडीवर जाऊन म्हाताऱ्याला म्हटलं, "साहेबांना परत आणा. या वेळी वेगळं दिसेल."

"गाव ऐकेल तुमचं?"

"न ऐकून सांगतंय कुणाला!"

त्याच संध्याकाळी मी तालमीच्या कट्ट्यावर उभी राहिले. बाईमाणूस तालमीपाशी फिरकत नसे, पण मला अडवायला वस्तादांना तोंड नव्हतं. मी सांगितलं, "आजपासून गाडीत फक्त घरची माणसं. भावकी न्हाय, सोयरं न्हाय, पावणं न्हाय. घरचं कोण? ज्याची भाकरी आमच्या चुलीवर भाजती, त्यो. दुसरं कोण बसलं तर गाडी जयसिंगपूरला गेली म्हणून समजा, आणि आमचा दादा परत सोप्यात."

वस्ताद उठले आणि म्हणाले, "ज्यो बसंल त्याची गाठ माझ्याशी."

झालं ते असं की गावानं नियम माझ्यापेक्षा कडक पाळला. कागद येईपर्यंत गाडी शिवारातल्या वाटेनंच फिरायची, उसाच्या फडातून गुऱ्हाळापर्यंत. दादा सवयीनं थांबायचा आणि लोक मान फिरवून पुढं जायचे. पोरं हौद्याला लोंबकळायची ती बंद झाली. एकदा माझ्या सख्ख्या मावशीलाच वस्तादांनी खाली उतरवलं. "भाकरी कुटं भाजती तुमची? मग उतरा!"

दादाला हे फार जड गेलं. एकदा गुऱ्हाळावर मला म्हणाला, "मोकळा हौदा घिऊन माणसांच्या शेजारनं जायाला लाज वाटती गं. पाय मोडला तवाबी एवढी वाटली न्हवती." मला वाईट वाटलं, पण मी माघार घेतली नाही. गाडी राहिली तर लाजता तरी येईल, असं मी त्याला ऐकवलं.

दसरा तोंडावर आला आणि साहेब आले. या वेळी अंगणात चिटपाखरू नव्हतं. साहेब म्हणाले, चला, गाडी चालते कशी ते बघू, आणि दादाशेजारी केबिनमध्ये बसले. मीही घुसले. फडाच्या वाटेवर भावकीतलीच एक म्हातारी डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन उन्हातनं चालली होती. दादाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

म्हातारीनं वळूनसुद्धा बघितलं नाही. "जा बाबा फुडं," ती म्हणाली. "आमी न्हाय बसत. इमा हाय."

साहेब इतके हसले की त्यांचा चष्मा खाली पडला. परत आल्यावर म्हणाले, "बाई, मी इतक्या गाड्यांचे विमे केले, पण गाव विमा पाळतं असं पहिल्यांदा बघितलं." खासगी गाडीचा दर लागला. खंडेनवमीला गाडीला झेंडूची माळ घातली, आणि दादा मोठ्या रस्त्यानं गूळ घेऊन शाहूपुरीत गेला. नाक्यावर पोलिसानं अडवलं नाही, तर दादानंच गाडी थांबवून त्याला कागद दाखवला.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सासर गडमुडशिंगीचं, नवरा शाळामास्तर. लग्न आमच्याच अंगणात लागलं. पाठवणीची वेळ आली. दादानं गाडी सजवून दारात आणली, केबिनचं दार उघडलं आणि मी पाय उचलला.

"थांबा," वस्ताद म्हणाले.

मला वाटलं आशीर्वाद द्यायचा राहिला असेल.

"पोरगी आता त्यांच्या घरची झाली," ते म्हणाले. "उद्या हिची भाकरी मुडशिंगीच्या चुलीवर भाजणार. गाडीत बसायचं न्हाय. इमा हाय."

मी हसले. मग लक्षात आलं, दुसरं कुणीच हसत नव्हतं. वस्तादांचे डोळे भरले होते, पण ते दारासमोरून हलत नव्हते. चुलत्या, मावशी, ती वैरणवाली म्हातारी, सगळे माझ्याकडं बघत होते, आणि त्या सगळ्यांना मीच कट्ट्यावर उभं राहून तो नियम शिकवला होता. मुंडावळ्या बांधून मी माझ्याच घराच्या दारात उभी होते. आपण आता इथल्या नाही, हे भटजींनी मंत्र म्हणताना कळलं नव्हतं. ते तेव्हा कळलं, आणि मी रडले.

दादा गाडीतनं उतरला. पाय ओढत आत गेला. आईला काहीतरी म्हणाल्याचं ऐकू आलं. लग्नाचं जेवण बाहेर मांडवात झालं होतं, तरी आईनं घरातली चूल पेटवली. वरातीतली सगळी माणसं उन्हात उभी राहिली आणि माझी आई आत भाकरी थापत बसली. नवरा बिचारा घाम पुसत होता. मग दादा बाहेर आला. हातात फडक्यात बांधलेल्या गरम भाकरी. त्या त्यानं माझ्या ओटीत ठेवल्या.

"वस्ताद," तो म्हणाला, "हिची उद्याची भाकरी आमच्या चुलीवर भाजली हाय. हात लावून बगा."

वस्तादांनी खरंच हात लावून बघितला. "आन परवाची?"

"परवाची मी निऊन दीन."

वस्ताद बाजूला झाले. मी गाडीत बसले. नवरा आणि वऱ्हाड बैलगाड्यांतून मागनं आले, कारण त्यांची भाकरी आमच्या चुलीवर भाजत नव्हती.

मला वाटलं होतं, दादा तेवढ्यापुरतं बोलला. पण दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी त्याची गाडी मुडशिंगीत आमच्या दारात यायची. गुडघा न वाकवता तो खाली उतरायचा आणि फडक्यातली भाकरी माझ्या हातात द्यायचा. "हप्ता," म्हणायचा. पाऊस असो, लगीनसराई असो, गुऱ्हाळ चालू असो. सासूबाई आधी रागावल्या, आमच्या घरात काय भाकरीचा दुष्काळ हाय का म्हणून. मी सांगितलं, ही पोटासाठी नाही, विम्यासाठी आहे. पुढं पुढं सासूबाईच दादासाठी चहा ठेवून वाट बघायच्या.

ती भाकरी मी कधी कुणाला दिली नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. चुलीपाशी बसून एकटीनं खायची. आणि माहेरी जायची हुक्की आली की मी सरळ जाऊन केबिनमध्ये बसायची. मला त्या गाडीतून कुणी कधी उतरवलं नाही.