रिकाम्या संगणकाची पेटी

९ फेब्रुवारी १९८२ रोजी कारखान्याचा पहिला संगणक पाच हजार आठशे पंच्याहत्तर रुपयांना विकला गेला. त्याची पेटी पॅकिंगमधल्या मावशींनी बांधली. त्याआधी मावशी काचसामानाच्या दुकानात होत्या. "पडद्याची काच फुटता कामा नये, म्हणून तुम्हीच हव्यात," असं म्हणत साहेबांनी त्यांना आणलं होतं. साहेब म्हणजे मालकच; पण शर्टाच्या बाह्या सरसावून कामगारांशेजारी सोल्डरिंगला बसायचे.

हातात उचलून नेता येईल असा संगणक तोवर आपल्याकडे कोणी पाहिलाच नव्हता. वर्षभरात मागणीला ऊत आला. विक्रेते टेम्पो घेऊन सकाळपासून दारात उभे.

"मावशी, आमची पेटी आधी बांधा हो!"

"लेक सासरी पाठवायची आहे. आईला जरा उसंत द्याल की नाही?"

पेटी बंद झाली की मावशी तिच्यावर हलकेच थाप मारायच्या. सगळे हसायचे, पण थाप विसरली तर हमाल पेटी उचलायचे नाहीत.

त्याच दिवसांत मावशींनी कामगारांच्या सवलतीत, पगारातून छत्तीस हप्ते कापून घ्यायच्या बोलीवर एक संगणक घरी नेला. "वहिनी, टीव्ही घेतला असता तर निदान चित्रं दिसली असती," धाकट्या दिरांनी टोमणा मारला. पण मावशींची मुलगी दुकानदारांची बिलं, पत्रं त्यावर करून देऊ लागली, आणि बघता बघता घराचा निम्मा खर्च तिच्यावर चालू लागला.

एके दिवशी साहेब नवं मॉडेल घेऊन पॅकिंगमध्ये आले. प्रदर्शनात मांडायचं होतं. पडदा दुप्पट, किंमत कमी. मावशींनी उचललं आणि त्या थबकल्या.

"साहेब, हे इतकं हलकं कसं?"

"आत अजून काही बसवलेलं नाही, मावशी. नुसतं कवच आहे."

"मग आत्ताच कशाला दाखवताय?"

"लोकांना कळू दे ना, काय येतंय ते!" साहेबांचा चेहरा निकाल लागलेल्या पोरासारखा फुलला होता.

मावशींनी ते कवच नीट बांधून दिलं, थापही मारली.

लोकांना कळलं. कळल्यावर जुनं कोण घेणार? विक्रेत्यांनी पटापट मागण्या मागे घेतल्या. नवं मॉडेल सहा महिन्यांत यायचं होतं, ते वर्षभरात आलं नाही. तयार संगणकांच्या पेट्या रचून रचून पॅकिंगची खिडकी झाकली गेली. भरदुपारी दिवा लावावा लागे. सगळ्यांच्या वाट्याला आलेला एवढा रिकामा वेळ मावशींनी तिथे कधी पाहिला नव्हता.

मग बँकेने कारखान्याला टाळं ठोकलं. दुरुस्तीला आणलेला मावशींचा संगणक नीट झाला होता, पण नेमका आतच अडकला. मुलीकडे बिलं तुंबली. दोन दुकानदार दुसरीकडे गेलेही. मावशी बँकेच्या माणसासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अकरा हप्ते राहिलेत," तो कागद बघून म्हणाला. "ते फिटेपर्यंत संगणक कारखान्याचा. म्हणजे लिलावात जाणार."

मागे त्याचे मजूर सुटे संगणक बटाट्यासारखे खोक्यात कोंबत होते. सकाळपासून दोन पडदे फुटले होते.

"अहो, लिलावाआधीच भंगार कराल सगळ्याचं! माझ्याकडून बांधून घ्या. मजुरी हप्त्यांत वळती करा."

"एकट्या बांधाल?"

"पहिला मीच बांधला होता."

पंधरवडाभर त्या एकट्या बांधत होत्या. शेवटच्या दिवशी साहेब आले, थर्माकोल कापून देत बसले. "मावशी, आपण किती हसायचो हो इथे," एवढंच म्हणाले. शेवटच्या पेटीवर थाप साहेबांनी मारली.

मजुरीत नऊ हप्ते फिटले. बँकेच्या माणसाने तेवढ्याची पावती फाडली आणि "उरलेले सवडीने द्या," म्हणत मावशींना संगणक नेऊ दिला. संध्याकाळी मुलगी बिलं करायला बसली.

बँकेच्या वहीत दोन हप्ते, म्हणजे दोनशे चाळीस रुपये, मावशींकडून अजून येणं आहे.