खानावळीबाहेरच्या आक्का

आक्का समुद्राकडे बघत नसत. कारवारच्या खाली आम्ही त्यांच्याबरोबर काही हिवाळे किनाऱ्याने चाललो. दिवसभर उजव्या हाताला समुद्र असे, पाण्यावरच्या उन्हाने डोळे दिपत, आणि आक्कांचा चेहरा डावीकडे, जमिनीच्या बाजूला वळलेला असे. माड, वाळत घातलेली जाळी, पत्र्याच्या खोल्या आणि दारात उभी असलेली माणसे एवढेच त्या बघत. आमच्यातला एकजण पहिल्या वर्षी म्हणाला, “आक्का, एवढा समुद्र आहे, बघा की जरा.” त्या म्हणाल्या, “पाण्यात मानसं ऱ्हात्यात काय? मग बघून काय करायचं?”

त्या सदलग्याच्या, शेतकरी जैन घरातल्या. वय पन्नाशीच्या पुढे. पाचवारी साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि पदरावरून पट्टे घेतलेली पाठीवरची सॅक. आम्ही बेळगावातले चौघे नोकरदार. थंडीत आठवड्याची रजा काढून किनाऱ्याने चालायला जात असू. हे त्यांना कुणाकडून तरी कळले आणि त्या एसटी धरून थेट आमच्याकडे आल्या. “तुमी समुद्राच्या कडंनं चालत जातासा म्हनं. मला संगं न्याल काय?” रोज बरेच चालावे लागते, गावे लांब लांब आहेत, वाटेत सावली नाही, असे आम्ही सांगितले. त्यावर, “शेतात काय मोटारीनं फिरत्यात व्हय?” हे त्यांचे उत्तर होते.

त्यांचा एकुलता मुलगा सन्मती बेळगावला इंजिनिअरिंगला होता. तिसऱ्या वर्षी त्याने शिक्षण सोडले. वडिलांशी वाद झाला. तो सॅक घेऊन किनाऱ्याने भटकायला निघाला. काही दिवस फोनवर फोटो येत राहिले. शेवटच्या फोटोत वाळूवर उपडी घातलेली होडी आणि तिच्यामागे माड होते. नंतर निरोप आला की तो परत येणार नाही, कुणी शोधू नये. मग नंबर बंद झाला. मुलगा सज्ञान आहे, स्वतःहून गेला आहे, असे सांगून पोलिसांनी विषय संपवला. वडिलांनी घरात त्याचे नाव घेणे बंद केले. आक्कांनी बूट विकत घेतले.

पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय त्या पीत नसत. बाटलीबंद पाणीही गाळत. अंकोल्यात एक दुकानदार हसून म्हणाला, “अहो, ते कंपनीनं गाळलंय.” आक्का म्हणाल्या, “कंपनीनं कंपनीसाठी गाळलंय.” सॅकमध्ये कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग असे. दिवस मावळायच्या आत त्यांचे जेवण आटोपलेले असे. आम्ही मोबाइल काढून सूर्यास्ताचे फोटो घेत उभे राहायचो, तेव्हा त्या वाळूवर बसून भराभर जेवत. “काढा तुमी फोटू. तुमाला सूर्य बुडायची हौस, आणि मला घाई.”

शोधायची त्यांची पद्धत ठरलेली होती. गाव आले की आधी शाकाहारी खानावळ कुठे आहे ते विचारायचे. मग देऊळ, बेकरी, किराणा दुकान. प्रत्येक ठिकाणी फोनमधला फोटो दाखवायचा. कानडी त्यांना मराठीइतकीच येई, त्यामुळे अडत नसे. मासळीच्या खानावळीत मात्र त्या विचारत नसत. “अंड्याचा केक असंल म्हनून वाढदिवसाला मित्राच्या घरी जायचा न्हाई त्यो. सुक्या मासळीचा टेंपो गल्लीतनं गेला तर नाक धरून बस्तीत, देवळात पळायचा. त्यो हितं कशाला असंल?” हे आम्हालाही पटले होते.

त्या किनाऱ्यावर शाकाहारी खानावळी फार थोड्या आहेत. आम्ही दुपारी मासळीचे ताट घ्यायला आत जात असू. आक्का बाहेर झाडाखाली आमच्या सॅका राखत बसत. वास आला की पदर नाकाला लावत. आम्ही बाहेर आलो की म्हणत, “झाला काय समुद्र खाऊन? उरलाय न्हवं थोडा?”

हे असे तीन हिवाळे चालले. एका खाडीच्या तोंडाशी लहानशी वस्ती आहे. रस्ता तिथे संपतो, बस दिवसातून एकदा येते. तिथल्या मासळीच्या खानावळीत आम्ही दर वर्षी जेवत होतो. तिसऱ्या वर्षी आम्ही आत असताना बाहेर आक्कांना उन्हाने चक्कर आली. खानावळीची मालकीण तांब्याभर पाणी घेऊन धावत गेली. आम्हीही मागोमाग गेलो. आक्का शुद्धीवर होत्या. त्यांनी तांब्या घेतला, कमरेचे फडके काढले, त्याच्या तोंडावर धरले आणि पाणी आपल्या भांड्यात ओतले.

मालकीण हसली. “तुम्ही पण गाळता? आमच्याकडे एक मुलगा होता, तो असाच. दिवसभर मासे कापायचा, पण पाणी गाळल्याशिवाय प्यायचा नाही. आम्ही किती चिडवायचो त्याला.”

आक्कांनी फोन पुढे केला. मालकिणीने हात पुसून तो घेतला, हाताने ऊन अडवून बघितला आणि तिचे हसणे थांबले.

“हाच,” ती म्हणाली. “म्हणजे त्याची आई तुम्हीच, जवळून कधी बघितलं नव्हतं. दर वर्षी या झाडाखाली बसता. तो आतून बघायचा.”

“आतनं?”

“स्वयंपाकघराच्या खिडकीतून. म्हणायचा, ती माझी आई, ती आत यायची नाही.”

“मग त्यो का आला न्हाई भाईर?”

मालकीण म्हणाली, “मी सांगितलं होतं, जा म्हणून. तो म्हणाला, हाताला वास आहे.”

आक्कांनी पुढचा प्रश्न लगेच विचारला. आता कुठं हाय? मालकिणीला माहीत नव्हते. पावसाळ्यानंतर तो दक्षिणेकडे एका मोठ्या बंदरात बोटीवर कामाला गेला होता. बोट कुणाची, ते तिला ठाऊक नव्हते. त्याने दिलेला नंबर तिने लावून दाखवला. तो बंद होता. खिडकी बघायची का, असे तिने विचारले. आक्का उठल्या, खानावळीच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या, आत पाय टाकला आणि भिंतीला हात लावून तिथेच दारात खाली बसल्या. बराच वेळ त्या तिथे बसून होत्या. गिऱ्हाइके त्यांना वळसा घालून जात होती.

पुढच्या हिवाळ्यापासून पद्धत बदलली. आता त्या शाकाहारी खानावळी ओलांडून पुढे जात. मासळीची खानावळ आली की आमच्या आधी आत शिरत, स्वयंपाकघराच्या दाराशी बाकावर बसत. पहिल्या दिवशी बाहेर येऊन त्यांना उलटी झाली. चूळ भरून त्या पुन्हा आत गेल्या. परत गेल्यावर त्यांनी हे मुनींना सांगितले. मुनींनी प्रायश्चित्त म्हणून उपास सांगितले. “म्या म्हनलं, म्हाराज, फुडच्या वर्साचंबी आत्ताच सांगा. पुन्हा जायाचंच हाय.” हे सांगताना आक्का हसल्या. आम्हीही हसलो. त्यानंतर त्या हसल्याचे आठवत नाही.

त्या मोठ्या बंदरातही आम्ही गेलो. धक्क्याला बोटी एकमेकींना खेटून उभ्या होत्या. एका बोटमालकाने फोटो नीट बघितला. तो सभ्य माणूस होता. “आई,” तो कानडीत म्हणाला, “इथं पोरं कुठून कुठून येतात. हंगाम संपला की दुसऱ्या बंदराला जातात. खरं नाव सगळेच सांगतात असं नाही. एखादा गेला, तर घर कुठलं तेसुद्धा आम्हाला माहीत नसतं.” गेला म्हणजे कुठे, हे आक्कांनी विचारले नाही. धक्क्यावरून परत फिरताना त्यांनी फोन पिशवीत टाकला. त्या दिवसापासून फोटो दाखवणे बंद झाले.

त्यानंतर त्या फक्त निरोप ठेवत. कुठल्याही खानावळीत, धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्यात त्या एवढेच सांगत, “असा कोन पोरगा आला, पानी गाळून पिनारा, तर त्याला सांगा, तुझी आई आत येऊन बसलती.” काही जण मान डोलावत. काही जण कामात असत. एका मासळीवालीने विचारले, “तो यायचाच नाही असं वाटत नाही का तुम्हाला?” आक्का म्हणाल्या, “वाटतंय की. पर त्याला ठावं नगो काय?”

मग गुडघे गेले. चिकोडीच्या डॉक्टरांनी जिने चढायलाही मनाई केली. बूट त्यांनी शेतावर कामाला येणाऱ्या बाईला देऊन टाकले. या हिवाळ्यात आम्ही निघालो तेव्हा त्या सदलग्याच्या स्टँडपर्यंतही येऊ शकल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, “इचारत बसू नका. तेवढा निरोप सांगा.”

आम्ही सांगत गेलो. रोज दुपारी त्यांचा फोन येई. शेवटच्या दिवशीही आला.

“सांगितलासा काय?”

“सांगितलं आक्का.”

“कोन हुतं?”

“खानावळीचे मालक.”

“काय म्हनले?”

“बरं म्हणाले.”

पलीकडे मागे कुणीतरी गुरांना पाणी दाखवत असल्याचा आवाज येत होता. मग आक्का म्हणाल्या, “बरं. उद्याच्याला फुडच्या गावात सांगा.”

आमची बस तासाभरात निघणार होती, आणि बेळगावपर्यंतची तिकिटे काढलेली होती. सांगतो, असे आम्ही म्हणालो.